मी गप्प असताना

विमान उडवायला कुणीही शिकवील. उतरवायला शिकवणारा विरळा, आणि आमच्या तळावर तो मी आहे. हे मी माझ्याच तोंडाने सांगतोय म्हणून कुणी नाक मुरडू नये, कारण माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज जिथे कुठे असतील तिथे त्यांची चाकं धावपट्टीला नुसती टेकतात, आदळत नाहीत, आणि जाणकार माणूस लांबून बघूनच सांगतो की हा अमक्याचा चेला दिसतो. माझ्या मणक्याने दगा दिल्यापासून मी स्वतः उडत नाही. मी सिम्युलेटरच्या खोलीत बसतो. तिथे एका पांढऱ्या घुमटात लढाऊ विमानाचं फक्त नाक बसवलेलं आहे. खुर्ची खरी, दांडी खरी, थ्रॉटल खरा, आणि घुमटाच्या भिंतीवर चहूकडून आभाळ, शेतं, रस्ते आणि लांबवर धावपट्टीची पांढरी पट्टी दिसत राहते. यंत्र जागचं तसूभरही हलत नाही, तरी नवखा माणूस पहिल्या दिवशी पोट धरून बाहेर येतो. घुमटाबाहेर काचेच्या आड माझं टेबल आहे, त्यावर पडदे, वाऱ्याचं बटण, धुक्याचं बटण आणि माझा माइक.

आमच्या विमानात खुर्ची एकच. त्यामुळे पहिल्यांदा खरं विमान उतरवणाऱ्याच्या मागे सावरून घ्यायला कुणी नसतं. जे काही शिकायचं ते घुमटात शिकून घ्यायचं आणि मग एकट्याने जाऊन करून दाखवायचं. म्हणून माझी एक पद्धत आहे आणि तिचा मला अभिमान आहे. सुरुवातीला मी पोरांच्या कानात अखंड बोलतो. नाक खाली, थ्रॉटल पुढे, वेग बघ, धावपट्टी बघ, परत वेग बघ. मग रोज थोडं थोडं कमी करत जातो आणि शेवटच्या आठवड्यात तोंडाला कुलूप घालतो. पोरं कासावीस होतात, “सर, आहात ना?” असं विचारतात, मी हूं की चूं करत नाही. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते उगाच नाही. त्या शांततेतच ती खरी शिकतात.

यंदाच्या तुकडीत माझी मुलगी होती.

तळाच्या प्रमुखांनी मला बोलावून घेतलं आणि पेन फिरवत म्हणाले, “बापलेक एका खोलीत म्हणजे जरा अवघडच. तुम्ही तिला झुकतं माप द्याल अशी मला भीती नाही. उलट पोरीचा जीव काढाल, ही भीती आहे.”

“तो तर सगळ्यांचाच काढतो,” मी म्हणालो. अखेर ठरलं असं की शिकवायचं मी, शेवटची परीक्षा प्रमुख घेणार, आणि तळाच्या फाटकाच्या आत ती मला सर म्हणणार. बाबा घरी.

ती जन्मली तेव्हा वीतभर होती आणि रडायची मात्र सगळा मजला उठेल असं, म्हणून मी तिला टिटवी म्हणू लागलो आणि तेच नाव राहिलं. टिटवी देखील समुद्र आटवी, असं तिची आई म्हणायची तेव्हा मी हसायचो. आता हसत नाही. भरतीच्या वेळी उंची जेमतेम बसली, डोळे मात्र तपासणाऱ्याने दोनदा तपासले, कारण इतके चांगले डोळे असू शकतात यावर त्याचा विश्वास बसेना.

सुरुवात मात्र सगळ्यांसारखीच झाली. या विमानाची खोड अशी की उतरताना ते नाक वर करून येतं आणि किती खाली यायचं हे दांडीने नाही, थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाच्या जोराने ठरवायचं असतं. पण जमीन अंगावर यायला लागली की माणसाचा हात आपोआप दांडी मागे ओढतो. ओढली की वेग पडतो, वेग पडला की विमान दगडासारखं बसतं, आणि घुमटाच्या भिंतीवरचं सगळं चित्र लाल होऊन थिजतं. टिटवीने पहिल्या पंधरवड्यात असे कितीतरी मुडदे पाडले. घरी जेवताना तिचा डावा हात ताटाशेजारी पुढेमागे सरकायचा आणि उजव्या हातातला चमचा तिने दांडीसारखा धरलेला असायचा. तिची आई म्हणायची, “आधी घास उतरव, मग विमान उतरव.” मी काही बोलायचो नाही, पण त्या सरकणाऱ्या हाताकडे बघून मला जे वाटायचं त्याला अभिमान हाच शब्द आहे, दुसरा नाही. माझ्या रक्ताचा हात योग्य दिशेने सरकत होता.

हळूहळू दांडी ओढायची सवय गेली. मी बोलणं कमी केलं. मग शेवटचा आठवडा आला आणि मी गप्प झालो.

त्या पहिल्या गप्प सकाळी मी मुद्दामच उजवीकडून वारा सोडला. ती लांबून छान ओळीत आली, पण जवळ येताना विमान जरा खाली बसायला लागलं, फार नाही, मलाच कळेल इतकं. ‘थ्रॉटल’ हा शब्द माझ्या जिभेवर आला होता आणि मी तो गिळला. तेवढ्यात हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, अगदी सहज, शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारल्यावर ओ द्यावी तसा.

“हो, बाबा.”

तिने थ्रॉटल पुढे केला, विमान सावरलं, आणि दुधाच्या भांड्यावर ताटली ठेवावी तशी चाकं टेकली. इतकी सुरेख उतरण त्या वर्षात कुणाचीच झाली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा मी चेहरा कोराच ठेवला. “इथे सर म्हणायचं.”

“सॉरी, सर.”

“आणि मी काही बोललो नव्हतो.”

ती हसली. मी फार क्वचित विनोद करतो, तेव्हा ती जशी मान तिरकी करून हसते तशी. “बरं, सर,” म्हणाली आणि हेल्मेट काखेत मारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी धुकं सोडलं. ती पुन्हा दोनदा “हो, बाबा” म्हणाली आणि एकदा तर धुक्यात, धावपट्टी दिसायच्या आधी, मनापासून खुदकन हसली. एकट्या माणसाला असं हसू फुटत नाही. समोरच्याने काहीतरी बोलावं लागतं.

आमच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्याला सगळे तारमास्तर म्हणतात. बोलघेवडा माणूस, चहाचा कप हातात असला की कुणालाही थांबवतो. त्याने मला व्हरांड्यात गाठलं. “सर, यंदा पद्धत बदललीत वाटतं?”

“कुठली पद्धत?”

“शेवटच्या आठवड्यात तुम्ही इतकं बोलताय, हे मी पहिल्यांदा ऐकतोय. आणि काय हो, किती प्रेमाने! बाकीच्या पोरांवर तर तुम्ही नुसते खेकसता.” मग आवाज उतरवून म्हणाला, “काल तर मला घरची आठवण आली, खरं सांगतो.”

मी म्हणालो, “जरा वाजवून दाखव.” प्रत्येक धड्याचं चित्र आणि आवाज साठवलेला असतो, पोरांना नंतर चुका दाखवायला. तारमास्तरने कालचा धडा लावला. पडद्यावर धुकं, स्पीकरमध्ये टिटवीचा श्वास. मग काही क्षण नुसती घरघर, रिकाम्या तारेची असते तशी. मग तिचं “हो, बाबा”. पुन्हा घरघर, यावेळी लांबलचक, आणि ती चालू असताना तारमास्तर स्पीकरकडे बघत मान डोलावत होता, ओळखीचं गाणं लागल्यावर माणसं डोलावतात तशी.

“हे बघा, हे,” तो बोट वर करून म्हणाला. “‘घाई करू नकोस बाळा, धावपट्टी कुठे पळून जात नाही.’ वा! हे असं कुणी आम्हाला सांगितलं असतं तर!” स्पीकरमध्ये टिटवी खुदकन हसली.

मला घरघरीशिवाय काहीही ऐकू आलं नव्हतं. मी जन्मात कुणाला बाळा म्हटलेलं नाही. ते वाक्य मला सुचलं नसतं, आणि ऐकल्यावर मात्र वाटलं की हे मला का सुचलं नाही, इतकं ते बरोबर होतं, त्या पोरीला त्या क्षणी हवं होतं नेमकं तेवढंच. तारमास्तर माझ्याकडे कौतुकाने बघत होता. मी त्याला सांगायला हवं होतं की हा मी नव्हे. पण कौतुक दारात आलं की त्याला घर चुकलंय असं सांगणं जिवावर येतं.

“लेक आहे शेवटी,” मी म्हणालो.

त्याच दिवशी मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझे कान विशीतल्या मुलासारखे आहेत असं सांगून वर माझं अभिनंदन केलं. दुसऱ्या सकाळी मी माइकची वायर काढून टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर ठेवली, आणि काचेआड दोन्ही हात मांडीवर घेऊन ओठ घट्ट मिटून बसलो. टिटवी आडव्या वाऱ्यात आली, मी मध्येच तिच्यासमोरचा एक काटा बंद पाडला तरी डगमगली नाही, “हो, बाबा,” “कळलं, बाबा” करत करत अलगद टेकली. प्रमुख माझ्या मागे उभे होते, त्यांनीही हेडफोन लावला होता. तो काढून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“इतक्या वर्षांत असं शिकवणं ऐकलं नाही,” ते म्हणाले. “परीक्षा झाली म्हणा. पुढच्या तुकडीलाही हेच ठेवा, तुमचं ते तोंडाला कुलूप वगैरे सोडा आता.”

सुटी वायर त्यांच्यासमोर टेबलावर पडली होती. त्यांनी ती उचलून बाजूला केली आणि तिथे चहाचा कप ठेवला.

मी “प्रयत्न करतो” म्हणालो. छाती फुगली होती हे खोटं कशाला सांगू? मुलगी माझी, खुर्ची माझी, खोली माझी. त्यातून निघालेलं श्रेय दुसऱ्या कुणाचं असेल तरी कसं, असं मी स्वतःला बजावलं आणि ते मला पटलंही. फक्त “प्रयत्न करतो” हे शब्द घशातून जरा खरखरीत निघाले. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला.

“बसणारच,” टिटवीची आई म्हणाली. तिने गरम पाण्यात मीठ टाकून पेला माझ्यासमोर ठेवला. “दिवसभर इतकं बोलायची सवय आहे का तुम्हाला? पण बरं करताय हो. पोर खुलली आहे नुसती. मला सगळं सांगते.”

“काय सांगते?”

ती लग्नाच्या वेळी लाजायची तशी लाजली. “तिला पहिल्यांदा हातात घेतलंत तेव्हा पडेल या भीतीने तुम्ही भिंतीला टेकून खालीच बसलात म्हणे. जमिनीच्या जितकं जवळ तितकं बरं म्हणून. इतक्या वर्षांत मला कधी बोलला नाहीत. तिला बरं सांगितलंत.”

हे खरं होतं. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात तेव्हा कुणीही नव्हतं, आणि मी ते कुणाही जिवंत माणसाला सांगितलेलं नाही. मी मिठाचं पाणी घेऊन मोरीत गेलो आणि बराच वेळ नुसता नळ सोडून उभा राहिलो. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त हेवा वाटत होता.

जेवायला बसल्यावर टिटवी म्हणाली, “सर, मीठ सरकवता?” तिची आई हसून लोटपोट झाली. “घरातही सर? मग मला काय मॅडम म्हणणार?” टिटवीने जीभ चावली, दोघी हसत राहिल्या. मीही हसलो, आवाज न करता, कारण आवाज नव्हताच. त्यानंतर त्या जेवणात तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

खऱ्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला तळाच्या कुंपणापाशी घेऊन गेलो. पलीकडे धावपट्टी उन्हात पडली होती.

“उद्या कुणी बोलणार नाही,” मी घोगऱ्या आवाजात सांगितलं. “तसा नियमच आहे. आग लागली तरच रेडिओ, नाहीतर नाही. तू एकटी असशील.”

“माहितीये.”

“आणि समजा बोलणं आलं नाही, तर? किंवा उशिरा आलं? किंवा चुकीचं आलं?”

तिने माझ्याकडे बघितलं, काळजीने, म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करताना बघावं तसं. “का येणार नाही? आजपर्यंत कधी चुकलंय का?”

“टिटवे, ते मी बोलत नाही.”

“तुमचा घसा फार बसलाय,” ती म्हणाली. “आज बोलू नका तुम्ही. आराम करा.”

मी प्रमुखांकडे जाऊन उड्डाण थांबवू शकलो असतो. सांगायचं काय होतं? तिला आवाज ऐकू येतो, असं? तो तर त्यांनाही येत होता. मला येत नाही, असं? मग माझीच खुर्ची गेली असती, आणि तिची संधी वर्षभर लांबली असती, आणि त्या तुकडीतला पहिला मान दुसऱ्या कुणाच्या पोराला गेला असता. हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं होतं. ज्याच्यावर मी तिचा जीव सोपवत होतो तो कोण हे मला ठाऊक नव्हतं, पण तो उतरवायला माझ्याहून चांगलं शिकवत होता, एवढं मला कळत होतं. मी गेलो नाही.

धावपट्टीच्या कडेला काचेची एक खोपटी आहे. तिथे आम्ही उभे होतो: प्रमुख, तारमास्तर, मी. टिटवीची आई मागे, पाहुण्यांच्या दोरीपाशी. रेडिओचा माइक हुकला टांगलेला होता, तो घ्यायचा नाही असं ठरलेलं होतं. सकाळ स्वच्छ होती. आधी लांबवर ठिपका दिसला, मग ठिपक्याला चाकं दिसली, मग ते नाक वर केलेलं रूप दिसलं आणि माझे डोळे भरून आले. माझी वीतभर टिटवी एकटीने ते जनावर घेऊन येत होती.

धावपट्टीच्या तोंडाशी वाऱ्याचा सपकारा आला. घुमटात मी असला वारा कधी सोडला नव्हता. डावा पंख झुकला, विमान बसायला लागलं, आणि यावेळी ते मलाच कळेल इतकं नव्हतं, सगळ्यांना कळत होतं. मी हुकावरचा माइक ओढला, नियम गेला खड्ड्यात, तोंड उघडलं आणि सगळा जीव लावून ओरडलो, “थ्रॉटल!”

घशातून काहीही निघालं नाही. खरखरसुद्धा नाही.

स्पीकरमध्ये घरघर चालू झाली, आणि तारमास्तर आणि प्रमुख दोघेही त्या स्पीकरकडे वळले, शांतपणे, चेहरे निवळत. मी त्यांच्यामध्ये तोंड उघडं टाकून उभा होतो, माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मग तिचा आवाज आला.

“हो, बाबा. दिसतेय मला.”

इंजिनाचा आवाज चढला, पंख सरळ झाला, आणि विमान जमिनीवर उतरलं. कशी उतरली ती, हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. मी उडायचो तेव्हा आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवशीसुद्धा मला असं उतरवता आलं नव्हतं. प्रमुख माझ्या पाठीवर थापा मारत होते. तारमास्तर डोळे पुसत म्हणाला, “बोललात ना शेवटी! बोललात ना!”

पहिल्या एकट्या उतरणीनंतर शिडी लावली की आधी शिक्षकाने वर जायचं आणि पट्टे त्याने सोडवायचे, अशी आमच्याकडे रीत आहे. मणका कुरकुरत होता तरी मी एकेक पायरी चढलो. खाली सगळे टाळ्या वाजवत होते. काच उघडली होती. टिटवी पट्ट्यांत बसलेली होती, हेल्मेट डोक्यावर तसंच, आणि तिच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की मी जन्मभर त्याची वाट बघत होतो हे मला तेव्हाच कळलं. इंजिन बंद होतं, सगळे दिवे विझलेले होते. हेल्मेटची वायर तिने कधीच काढून मांडीवर ठेवली होती.

घशात जेवढा आवाज उरला होता तेवढा गोळा करून मी वाकलो आणि म्हणालो, “पोरी, मला तुझा अभिमान वाटतो.”

तिने मान वळवली नाही. हातमोज्यातलं एक बोट वर केलं, आदबीने, मोठ्या माणसाला थांबवताना करतात तसं.

“एक मिनिट, सर,” ती हळूच म्हणाली. “बाबा बोलताहेत.”